दोन जनरेटर, एकच तळघर : कोल्हापूरच्या रुग्णालयांना खुले पत्र

कोल्हापूर, गुढीपाडवा

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील रुग्णालयांची व्यवस्थापने आणि विश्वस्त मंडळे,
तसेच रुग्णालयांची नोंदणी करणारे व इमारतींना परवानगी देणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

“आमच्याकडे दोन जनरेटर आहेत, तुम्ही निर्धास्त राहा.” वीज गेली तर रुग्णांचे काय, असे विचारत मी एका रुग्णालयाला लिहिलेल्या पत्राला हे एका ओळीचे उत्तर आले, म्हणून आता सर्वांसमोर लिहीत आहे. त्या रुग्णालयाचे नाव मी देणार नाही. हेच उत्तर मला शहरात इतर ठिकाणीही तोंडी मिळाले आहे, आणि एकाला धारेवर धरून बाकीच्यांना मोकळे सोडणे मला पटत नाही. उत्तर खोटे नाही. जनरेटर खरोखरच दोन आहेत. पण दोन्ही तळघरात शेजारी शेजारी ठेवले आहेत, एकाच पॅनेलला जोडले आहेत आणि त्यांना डिझेल एकाच टाकीतून जाते. ते तळघर २०२१ च्या महापुरात पाण्याखाली होते.

हे पत्र लिहिण्याचा माझा अधिकार दोन गोष्टींवरून येतो. मी नोकरीची सगळी वर्षे विमानांच्या विजेवर काम केले, आधी हवाई दलात इलेक्ट्रिकल फिटर म्हणून आणि नंतर मुंबईत प्रवासी विमानांच्या देखभालीत. आणि माझी थोरली बहीण, आमची अक्का, डायलिसिसवर आहे. ठरलेल्या दिवशी चार चार तास तिचे रक्त शरीराबाहेरच्या यंत्रातून फिरत असते आणि मी बाहेरच्या बाकावर बसलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात तिचे डायलिसिस चालू असताना वीज गेली. खाली जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला, पण वॉर्डात वीज आली नाही, कारण चेंजओव्हर, म्हणजे लाइन जनरेटरवर वळवणारा स्विच, अडकला होता. यंत्रे आपापल्या बॅटरीवर रक्त फिरवत राहिली. कोणीतरी खाली धावत जाऊन हाताने चेंजओव्हर टाकला तेव्हा दिवे लागले, पण यंत्रांचे अलार्म थांबेनात. डायलिसिसला शुद्ध पाणी लागते, ते आरओ प्लांटमधून येते आणि त्या प्लांटचा पंप जनरेटरच्या लाइनवर घेतलेलाच नव्हता. ड्युटीवरच्या टेक्निशियन मुलीने एकेका रुग्णाचे रक्त शांतपणे परत दिले आणि सगळ्यांना सुखरूप घरी पाठवले. तिचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण रुग्णालयाची सारी सुरक्षितता त्या संध्याकाळी एका मुलीच्या हुशारीवर उभी होती, हे मला मान्य नाही. म्हणून मी पत्र लिहिले होते.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी : तुम्ही आधार किती आहेत ते मोजता, ते एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते पाहत नाही.

उजळाईवाडीच्या विमानतळावरून तुम्ही अनेकदा उडाला असाल. मोठ्या शहरांच्या मार्गांवर नेहमी दिसणारे एअरबस ए-३२० घ्या. त्याच्या प्रत्येक इंजिनावर ९० केव्हीए ताकदीचा एकेक जनरेटर असतो. शेपटीत एपीयू नावाचे एक छोटे इंजिन असते, त्याच्यावर तेवढ्याच ताकदीचा तिसरा. या तिघांतला कोणताही एक विमानाची उडण्यापुरती सगळी गरज भागवू शकतो. तिन्ही गेले तर विमानाच्या पोटातून एक छोटा पंखा बाहेर पडतो, त्याला रॅम एअर टर्बाइन म्हणतात. समोरून येणाऱ्या वाऱ्यावर तो फिरतो, हायड्रॉलिक दाब तयार करतो आणि त्या दाबावर ५ केव्हीएचा आणीबाणीचा जनरेटर चालतो. हे सगळे व्हायला साधारण आठ सेकंद लागतात. ती आठ सेकंदे भरून काढायला दोन बॅटऱ्या असतात, आणि बॅटरीच्या डीसी विजेची एसी करून देणारा इन्व्हर्टरही असतो.

हे आकडे सांगून थांबलो तर तुमची आणि माझी चूक एकच ठरेल. या रचनेत खरा जीव आहे तो प्रत्येक आधाराच्या वेगळेपणात. एक इंजिन बंद पडले तर त्याच्यासोबत एकच जनरेटर जातो. एपीयूला मुख्य इंजिनांची गरज लागत नाही. बॅटरीला काहीच फिरावे लागत नाही. वाऱ्यावरच्या पंख्याला इंधनही लागत नाही. डाव्या आणि उजव्या जनरेटरच्या केबली वेगवेगळ्या बाजूंनी नेतात, म्हणजे एका ठिकाणची आग किंवा कापलेली केबल दोन्ही नेऊ शकत नाही. दोन जनरेटर एरवी एकमेकांना जोडलेलेही नसतात. प्रत्येक जण आपापला बसबार, म्हणजे वीज वाटून देणारी पट्टी, सांभाळतो. एका बसबारवर शॉर्ट झाला तर तो भाग तोडून टाकतात आणि चांगल्या जनरेटरला त्याच्याशी जोडूच देत नाहीत. तुमच्याकडे मात्र दोन्ही जनरेटर एका चेंजओव्हरमधून जातात. तो अडकला की दोन असोत नाहीतर दहा, वॉर्डात अंधारच.

इतकी काळजी घेऊनही विमानात चुका राहिल्या आणि त्यांची किंमत कळली. ७ जानेवारी २००८ रोजी क्वांटासचे एक बोइंग ७४७-४०० लंडनहून बँकॉकला येत होते. चार इंजिने, चार जनरेटर. पुढच्या गॅलीतल्या, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरातल्या, सांडपाण्याची नळी तुंबली, पाणी जमिनीवर पसरले आणि खालच्या विद्युत कक्षात झिरपले. तिथे चारपैकी तीन जनरेटरांची कंट्रोल युनिटे पाण्यात भिजली आणि तिन्ही बंद पडली. चारही इंजिने ठणठणीत फिरत होती, जनरेटरही चांगले होते, तरी विमानाची बहुतेक वीज गेली आणि वैमानिकांपुढची महत्त्वाची उपकरणे बॅटरीवर आली. धावपट्टी जवळ होती म्हणून सगळे सुखरूप उतरले. समुद्राच्या मध्यावर असते तर बॅटरी संपेपर्यंतच वेळ होता. त्या तीन युनिटांना बुडवायला स्वयंपाकघरातले सांडपाणी पुरले.

आपल्याकडे तर पंचगंगा आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. २०१९ मध्ये उपसा केंद्रे बुडाली आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, गावात पेट्रोल-डिझेल येईना. हे सगळे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्यानंतरही तळघरात नवा जनरेटर बसवायला परवानगी मिळते, ही गोष्ट माझ्या समजुतीच्या पलीकडची आहे. निळ्या आणि लाल पूररेषेवरून बिल्डर आणि नगररचना यांचे वाद वर्षानुवर्षे चालले आहेत, चालू देत. पण रुग्णालयाचा जनरेटर कुठल्या मजल्यावर ठेवायचा, यावर वाद व्हायला जागाच कुठे आहे?

वेगळेपणाबद्दल अजून एक सांगतो, कारण तुम्हांला विक्रेते नेहमी हाच सल्ला देतात की दोन्ही संच एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या, म्हणजे सुटे भाग आणि एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, स्वस्त पडेल. बोइंग ७८७ च्या दोन इंजिनांवर मिळून चार जनरेटर आहेत. २०१५ मध्ये असे लक्षात आले की त्यांची कंट्रोल युनिटे सलग २४८ दिवस बंद न करता चालू राहिली तर सॉफ्टवेअरमधला वेळ मोजणारा आकडा भरून जातो आणि युनिट आपला जनरेटर बंद करते. चारही एकाच वेळी सुरू केलेली असली तर चारही एकाच क्षणी. उड्डाणात हे घडण्याआधी प्रयोगशाळेत सापडले आणि अमेरिकेच्या विमान प्रशासनाने लगेच आदेश काढला की ठरावीक काळाने वीज पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. तुमचे दोन संच एकाच दिवशी आले, त्यांच्या सुरुवातीच्या बॅटऱ्या एकाच दिवशी बसल्या, त्यांच्यात एकाच टाकीतले गाळ बसलेले डिझेल जाते. ते दोघे एकाच रात्री दगा देतील ही शक्यता लहान समजू नका.

दुसरी तक्रार साखळीची आहे. यंत्राला वीज दिली म्हणजे काम झाले असे धरले जाते. त्या यंत्राला आणखी कशाकशाची गरज आहे हे कोणी शोधत नाही. आरओच्या पंपाचे मी सांगितलेच. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळाचे पाणी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात शिरले. त्यांचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, म्हणजे आपल्यापेक्षा शंभर पटीने शहाणपण. पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते. पंप बुडाले आणि माणसांना जिन्यावर रांग करून हातोहात डिझेल वर पोचवावे लागले. शेवटी रुग्णालय रिकामे करावे लागले. आपल्या इमारतींत ऑक्सिजनचा प्लांट, सक्शन, लिफ्ट, रक्तपेढीचे फ्रीज, डिझेलचा पंप यांच्या लाइन कुठून येतात, हे एका कागदावर काढलेले कोणाकडे आहे? मी विचारले तेव्हा मला इमारतीच्या कंत्राटदाराचा फोन नंबर दिला गेला.

तिसरी तक्रार चाचणीची. जवळपास सगळीकडे एकच पद्धत दिसते : सकाळी वॉचमन जनरेटर पाच मिनिटे चालवतो, वहीत ‘ओके’ लिहितो आणि बंद करतो. लोड एक वॅटचाही नसतो. यातून इंजिनाची बॅटरी चांगली आहे एवढेच कळते. चेंजओव्हर होतो की नाही, जनरेटर आपोआप सुरू करणारे एएमएफ पॅनेल वीज गेल्याचे ओळखते की नाही, पूर्ण लोड आल्यावर व्होल्टेज टिकते की नाही, यांतले काहीही तपासले जात नाही. वर डिझेल इंजिन कायम बिनलोड चालवले तर आत काजळी आणि न जळलेले तेल साठते, म्हणजे रोजची ती पाच मिनिटे इंजिन बिघडवायला हातभारच लावतात. उद्यमनगरातल्या कोणत्याही मेस्त्रीला विचारा, तो हेच सांगेल.

विमानाच्या बॅटरीचे आम्ही काय करत असू ते ऐका. व्होल्टमीटर लावला, चोवीस व्होल्ट दिसले, झाले काम, असे कधी चालले नाही. ठरलेल्या मुदतीला बॅटरी विमानातून उतरवून बॅटरी शॉपमध्ये न्यायची. पूर्ण चार्ज करायची, मग ठरावीक करंटने रिकामी करायची आणि किती मिनिटे टिकली ते घड्याळ लावून मोजायचे. निकेल-कॅडमियमची असेल तर प्रत्येक सेल वेगळा तपासायचा. एक सेल कमी भरला तरी तो बदलल्याशिवाय बॅटरी विमानात जात नसे. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात कोणी पाठ थोपटत नाही, आणि माझ्या मते विमान सुरक्षित ठेवण्यात त्याचा वाटा कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा मोठा आहे. तुमच्या अतिदक्षता विभागाच्या यूपीएसमधल्या बॅटऱ्या लोडवर शेवटच्या कधी मोजल्या? पॅनेलवरचा हिरवा दिवा हे उत्तर नव्हे. थकलेली बॅटरीही हिरवा दिवा दाखवते आणि लोड आला की दोन मिनिटांत बसते.

चौथी तक्रार आणीबाणीच्या लाइनवर चढवलेल्या फालतू लोडची आहे. ए-३२० मध्ये तीनपैकी एकच जनरेटर उरला तर गॅलीचा लोड विमान स्वतःच तोडते. वाऱ्यावरच्या पंख्याची वेळ आली तर वीज उरते मुख्य जनरेटरच्या अठराव्या भागाइतकी. मग कॅप्टनसमोरचे मुख्य पडदे चालू राहतात, सहवैमानिकासमोरचे विझतात. कोणाला वीज मिळायची आणि कोणाला नाही, हे विमान बांधताना ठरलेले असते. त्या घाईच्या क्षणी कोणी वाद घालत बसत नाही. आपल्याकडे आयसीयूच्या शेजारी डीलक्स रूम झाल्या, त्यांचे एसी सोयीचे म्हणून जनरेटरच्या लाइनवर घेतले, कॅन्टीनचा डीप फ्रीझर घेतला, रिसेप्शनचा मोठा टीव्ही घेतला. नोंद कशाचीच नाही. जनरेटर बसवताना काढलेला लोडचा हिशेब त्या दिवशीच संपला.

नंतर जोडलेल्या लोडने काय होऊ शकते, यासाठी २ सप्टेंबर १९९८ आठवा. स्विसएअरचे एमडी-११ न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघाले आणि कॅनडात हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळले. २२९ माणसे गेली. विमानात प्रवाशांच्या करमणुकीची यंत्रणा नंतर बसवली होती. चौकशीत तिच्या वायरीवर ठिणगी उडाल्याच्या खुणा मिळाल्या. आणखी एक गोष्ट निघाली. धूर आला तर केबिनची वीज एका स्विचने तोडायची असते, पण ही यंत्रणा अशा बसबारवर जोडली होती की तो स्विच टाकूनही तिची वीज जात नव्हती. ज्यांनी ती जोडली त्यांना कोणाचे वाईट करायचे नव्हते. जवळ वीज दिसली, तिथून घेतली. तुमच्याकडे एसी जोडणाऱ्याने तेच केले आहे. म्हणून मला त्या माणसावर राग नाही. त्याला अडवणारा एकही जबाबदार इंजिनिअर तुम्ही नेमलेला नाही, यावर राग आहे.

पाचवी तक्रार बिघडलेल्या वस्तूंची. मी एका ठिकाणी जनरेटरवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी पाहिली आणि पुढच्या मोसमात तीच पाटी तिथेच पाहिली. विमानातही वस्तू बिघडतात आणि काही बिघाड घेऊन विमान उडते. पण कोणत्या बिघाडासह उडता येते याची मंजूर यादी असते, तिला मिनिमम इक्विपमेंट लिस्ट म्हणतात. त्यात प्रत्येक बिघाडाला वर्ग असतो : बी वर्गाला ३ दिवस, सी वर्गाला १० दिवस, डी वर्गाला १२० दिवस. तेवढ्या मुदतीत दुरुस्ती करायची. मुदत उलटली तर विमान जमिनीवर, मग तिकिटे कितीही विकलेली असोत. तोपर्यंत बिघाडाची नोंद टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या वहीत, असते आणि प्रत्येक कॅप्टन ती वाचूनच विमान ताब्यात घेतो. तुमचा दुसरा जनरेटर बंद असताना भूलतज्ज्ञाला ते कोण सांगते? शस्त्रक्रिया सुरू करण्याआधी त्याला ते कळायला नको का?

माणसांबद्दल थोडक्यात. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून एका प्रवासी विमानाच्या दोन्ही इंजिनांची ताकद गेली, तेव्हा कॅप्टन सलनबर्गर यांनी पहिल्या काही सेकंदांत एपीयू सुरू केला. चेकलिस्टमध्ये ती पायरी बरीच खाली होती. विमानाची वीज टिकली, नियंत्रण टिकले, हडसन नदीवर विमान उतरले आणि १५५ च्या १५५ जण वाचले. हे सुचायला यंत्रणा हाताखालून गेलेली असावी लागते. रात्रपाळीच्या सिस्टरला जनरेटर रूमची किल्ली कुठे आहे हे माहीत नसेल तर तो दोष सिस्टरचा नाही. तिला तिथे कधी कोणी नेलेच नाही.

आणि शेवटचा आधार असा हवा की ज्याला काहीच लागू नये. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. त्यासाठी विजेची मोटर लागत नाही की बटण दाबायला माणूस लागत नाही. विमानाचा तो पंखा त्याच जातीचा आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मधले इंधन हवेतच संपले, २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅटच्या ए-३३० मधले अटलांटिकवर संपले. दोन्ही वेळा इंजिनांसोबत जनरेटर गेले, दोन्ही वेळा वाऱ्यावरच्या पंख्याने वैमानिकाच्या हातात विमान ठेवले आणि दोन्ही विमानांतली सगळी माणसे जिवंत उतरली. रुग्णालयात हे काम डायलिसिस यंत्राचा हाताने फिरवायचा दांडा करतो, हाताने दाबून श्वास देणारी अंबू बॅग करते, भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि चार्ज केलेली बॅटरी करते. या वस्तू महाग नाहीत. त्या प्रत्येक खाटेजवळ आहेत का आणि चालतात का, एवढाच प्रश्न आहे.

माझ्याशी बोलताना एका विश्वस्तांनी विचारले, विमान कंपन्यांकडे पैसा असतो, आम्ही कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. दहा खाटांच्या नर्सिंग होमला मोठ्या रुग्णालयासारखी यंत्रणा परवडणार नाही आणि मी ती मागत नाही. पण लोडवर चाचणी करायला फक्त डिझेल लागते. लाइन कुठून कुठे जाते याचा कागद काढायला एक इलेक्ट्रिशियन आणि दोन दिवस लागतात. बिघाडाची वही तर तुमच्या स्टेशनरीच्या कपाटात आहे. जनरेटर वर हलवायला मात्र खरोखर खर्च येतो, आणि तो करावाच लागेल. एका पुरात बुडालेल्या दोन संचांची, पॅनेलची आणि बंद पडलेल्या रुग्णालयाची किंमत त्यापेक्षा कमी होत नाही. तेलाची इंजिने आणि पंप बनवून नाव कमावलेल्या शहरात हे काम करणारे हात बाहेरून आणावे लागणार नाहीत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरात भट्ट्यांची वीज सांभाळणारे लोक आहेत, त्यांना बोलवा.

विमानाच्या नियमांत अशी अट आहे की ज्या बिघाडाने विमानाचा घात होईल तो एक अब्ज उड्डाण-तासांत एखाद्या वेळी घडेल इतका दुर्मीळ असला पाहिजे. अक्कासाठी मी तेवढे मागत नाही. माझ्या मागण्या या आहेत.

पूररेषेत येणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने जनरेटर, मुख्य पॅनेल, चेंजओव्हर आणि डिझेलचे पंप २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर न्यावेत. ज्यांना या मृगाच्या आत शक्य नाही त्यांनी तसे लेखी जाहीर करावे आणि रुग्ण हलवण्याची योजना बंधाऱ्याच्या पातळीशी जोडावी : ३९ फुटांना डिझेल, ऑक्सिजन आणि पाणी यांचा साठा पूर्ण, आणि ४३ फुटांची वाट न पाहता व्हेंटिलेटरवरचे रुग्ण हलवायला सुरुवात.

दोन जनरेटर असतील तर त्यांचा चेंजओव्हर, टाकी आणि केबलचा मार्ग वेगळा करावा. सगळे एकदम जमणार नसेल तर चेंजओव्हरपासून सुरुवात करावी आणि तोवर हाताने बायपास करण्याची सोय व ती वापरता येणारा माणूस प्रत्येक पाळीत ठेवावा.

महिन्यातून एकदा, आधी जाहीर करून, डॉक्टर आणि टेक्निशियन हजर ठेवून मुख्य वीज खरोखर तोडावी आणि रुग्णालय किमान अर्धा तास जनरेटरवर चालवावे. दिवे किती सेकंदांनी आले, काय बंद राहिले, हे वहीत लिहून ती वही प्रवेशद्वाराजवळ ठेवावी. यूपीएसच्या बॅटऱ्या वर्षातून दोनदा लोडवर मोजाव्यात.

आणीबाणीच्या लाइनवर काय काय आहे याची यादी भिंतीवर लावावी. आरओ प्लांट त्यात असावा. एका इंजिनिअरच्या सहीशिवाय तिच्यावर नवा पॉइंट जोडू नये.

जनरेटर, यूपीएस किंवा चेंजओव्हर बिघडला तर दुरुस्तीची तारीख पाटीवर लिहावी, आणि ती उलटली तर ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात. रात्रपाळीसह प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा तरी अंधारात सराव द्यावा.

अधिकाऱ्यांना वेगळे सांगतो. पूररेषेतल्या तळघरात रुग्णालयाचा जनरेटर ठेवायला यापुढे परवानगी देऊ नका. नर्सिंग होमच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना अग्निसुरक्षेच्या दाखल्यासोबत लोडवरच्या चाचणीची वही मागा. जनरेटर बसवताना एकदा तपासणी होते, ती दर नूतनीकरणाला करायला विद्युत निरीक्षकांना सांगा. पावसाळ्यापूर्वीच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत रुग्णालयांच्या विजेचा विषय स्वतंत्र ठेवा आणि महामार्ग बंद झाला तर कोणत्या रुग्णालयाला डिझेल कुठून पोचेल, हे जूनच्या आधी ठरवा.

ज्यांना मदत हवी असेल त्यांच्याकडे मी चाचणीच्या दिवशी येईन, पैसे घेणार नाही. माझ्यासारखे हवाई दलातून आणि नौदलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ या जिल्ह्यात गावोगावी आहेत, तेही येतील. या पत्राच्या प्रती मी आपणा सर्वांना टपालाने पाठवत आहे. आपला जनरेटर, मुख्य पॅनेल आणि डिझेलचा पंप कोणत्या मजल्यावर आहेत आणि लोडवरची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, एवढ्या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे अक्षय्य तृतीयेपर्यंत द्यावीत. आलेली उत्तरे आणि न आलेल्या उत्तरांची यादी मी त्यानंतर प्रसिद्ध करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त विमान-वीजतंत्रज्ञ आणि डायलिसिस रुग्णाचा भाऊ